दहा पौंडांच्या करातून उभं राहिलेलं गाव

रोबच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात ॲडलेडची कुटुंबं सुट्टीला येतात. चुनखडीच्या दगडात बांधलेली जुनी घरं, शेवंडी पकडून आणणाऱ्या होड्या, गिशेन उपसागराला कवेत घेणारी लांबच लांब पुळण आणि डॉम्बी भूशिरावर १८५५ साली जहाजांना खूण म्हणून उभारलेला दगडी स्तंभ. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं हे टुमदार गाव बघायला कुणाला कारण लागत नाही. आम्हाला मात्र जायचं होतं इथून तीनशेहून जास्त किलोमीटर आत, व्हिक्टोरिया राज्यातल्या अरारॅटला. मेलबर्नहून अरारॅट जेमतेम दोनशे किलोमीटर. सदर्न क्रॉस स्थानकावर गाडीत बसलं की दोन-सव्वादोन तासांत माणूस तिथे. तरीही मेलबर्नला राहणाऱ्या भाचीला मी आधी रोबला चल म्हणून गळ घातली. ऑस्ट्रेलियात चिनी माणसांनी वसवलेलं शहर एकच, ते अरारॅट, आणि ती माणसं तिथवर गेली ती या पुळणीवरून, पायी. त्या वाटेनं गेल्याशिवाय ते गाव कळणार नाही असं मला मनापासून वाटत होतं.

ती माणसं मेलबर्नसारखं चांगलं बंदर सोडून इतक्या आडबाजूला का उतरली, याचं उत्तर एका कायद्यात आहे.

१८५१ साली व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि बॅलरॅट, बेंडिगो ही नावं जगभर पोचली. सुरुवातीला तिथे चिनी माणसं मोजकीच होती. १८५४पासून त्यांची संख्या भराभर वाढली आणि गोऱ्या खाणकामगारांची कुरबुरही वाढली. त्याच वर्षी डिसेंबरात बॅलरॅटजवळ युरेका इथे खाणकामगारांनी जाचक परवाना-शुल्काविरुद्ध बंड केलं. सैन्यानं ते मोडून काढलं, पण सुवर्णक्षेत्रांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानं खाणकामगारांचं बरंचसं म्हणणं उचलून धरलं. ऑस्ट्रेलियातल्या लोकशाहीची पायाभरणी म्हणून युरेकाचं नाव आजही अभिमानानं घेतात. त्याच आयोगानं चिनी लोकांच्या येण्याला आळा घालावा अशीही शिफारस केली होती. एकाच अहवालात एका माणसाला हक्क मिळाला आणि त्याच्या शेजारी खणणाऱ्या दुसऱ्याला दार बंद झालं.

शिफारशीचा कायदा १८५५ साली झाला. त्याचं काम सोपं होतं. व्हिक्टोरियाच्या बंदरात चिनी उतारू आणणाऱ्या जहाजानं माणशी दहा पौंड भरायचे, आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकाच चिनी उतारूला आणायचं. जहाजवाल्यांचा धंदा माणसं दाटीवाटीनं भरण्यावर चालायचा, त्यामुळे दोन्ही अटी त्यांना परवडणाऱ्या नव्हत्या. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात असा कायदा नव्हता. रोबपासून व्हिक्टोरियाची सरहद्द शंभरेक किलोमीटरवर होती आणि त्या मोकळ्या मुलखात सरहद्दीवर अडवायला कुणी नव्हतं. १८५६ ते १८५८ या काळात सोळा हजारांवर चिनी माणसं या छोट्याशा बंदरात उतरली. गावची स्वतःची वस्ती तेव्हा काही शेंची होती.

ही माणसं आली कुठून? बहुतेक सगळी दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातली, त्यातही पर्ल नदीच्या मुखाजवळच्या चार तालुक्यांतली. जमीन थोडी आणि खाणारी तोंडं फार. १८५०पासून तायपिंगचं बंड पेटलेलं, पुढे मूळचे रहिवासी आणि हाक्का लोक यांच्यात गावोगाव हाणामाऱ्या सुरू झालेल्या. त्याआधी पहिल्या अफूयुद्धानं चीनचं कंबरडं मोडलं होतं. मुंबईच्या माणसाला इथे क्षणभर थांबावंच लागतं. चीनच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या अफूचा मोठा हिस्सा माळव्याचा असे आणि तो मुंबई बंदरातून जाई. सर जमशेटजी जिजीभाई यांची संपत्ती याच चीनच्या व्यापारात, कापूस आणि अफू यांत उभी राहिली. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात आपल्या किती पिढ्यांनी औषधपाणी घेतलं! त्या पैशाचं दुसरं टोक ग्वांगडोंगच्या खेड्यांत होतं. १८४२ साली युद्ध संपताना हाँगकाँग इंग्रजांच्या हातात गेलं, आणि रोबला येणारी जहाजं याच हाँगकाँगहून सुटत.

जाणाऱ्याकडे भाड्याचे पैसे नसत. भाऊबंदांकडून किंवा एखाद्या व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, घर-जमीन गहाण टाकायची आणि सोन्याच्या कमाईतून फेडायची, अशी पद्धत. हातावर पोट असलेल्या अशा माणसावर आणखी दहा पौंडांचं ओझं टाकलं तर तो येणारच नाही, असा सरकारचा हिशेब होता. तो चुकला, कारण कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला मागे फिरता येत नाही.

पुळणीवर उभं राहिलं की गिशेनचं पाणी शांत वाटतं. वारा फिरला की याच पाण्यानं जहाजं फोडली आहेत. १८५७च्या जूनअखेर 'कोनिंग विलेम द ट्वेड' हे डच जहाज चिनी उतारूंना उतरवून परतीच्या तयारीत असताना वादळात सापडून किनाऱ्यावर फुटलं आणि त्याचे सोळा खलाशी बुडाले. उतारूंना जहाजातून होड्यांत आणि होड्यांतून किनाऱ्यावर आणायचे वेगळे पैसे पडत. गावाबाहेर त्यांचे तंबू पडायचे. दुकानदारांची चंगळ झाली. वाटाडे भाव ठरवायला यायचे. कुणी काही पौंडांत सोन्याच्या मुलखापर्यंत नेण्याचं कबूल करायचा, आणि त्यातले काही जण अर्ध्या वाटेवर पैसे खिशात घालून माणसांना रानात सोडून जायचे. आज किनाऱ्याजवळ या माणसांच्या आठवणीचा शिलालेख आहे. भाची तो वाचून म्हणाली, "मावशी, इतकी वर्षं मी या देशात राहते आहे, ही वाट मला कुणी सांगितली नव्हती."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या वाटेला लागलो. रोब सोडलं की सपाट, पाणथळ मुलूख लागतो. मग पेनोला, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे कूनावाराच्या तांबड्या मातीत द्राक्षांचे मळे. तिथून सरहद्द ओलांडून कॅस्टर्टन, हॅमिल्टन, डंकेल्ड. गाडीतून हा सगळा दिवसभराचा रस्ता. पायी चालणाऱ्यांना त्याला काही आठवडे लागत, आणि बॅलरॅट-बेंडिगोला जायचं तर त्याहूनही जास्त. तेव्हाच्या माणसांनी लिहून ठेवलेलं वर्णन जवळपास एकसारखं आहे: शेकडो जणांची रांग, एकामागे एक, प्रत्येकाच्या खांद्यावर बांबूची कावड. कावडीच्या दोन्ही टोकांना टोपल्या, त्यांत तांदूळ, भांडी, अंथरूण आणि हत्यारं. डोक्यावर बांबूच्या कामट्यांची रुंद टोपी. आजारी पडलेल्याचं ओझं बाकीचे वाटून घेत. पाण्यासाठी वाटेत विहिरी खणत आणि मागून येणाऱ्यांसाठी खुणा ठेवून जात.

आमचा प्रवास ऐन हिवाळ्यातला होता. थंडी हाडात शिरणारी, आणि अंगात लोकरीचे कपडे असूनही गाडीतून उतरवत नव्हतं. १८५७च्या एप्रिल-मे महिन्यात, याच ऋतूच्या तोंडावर, उष्ण प्रदेशातली ती माणसं सुती कपड्यांत इथून चालत होती. डंकेल्डपाशी डावीकडे ग्रॅम्पियन्सचे कडे एकदम वर येतात. इथल्या मूळ रहिवाशांचं या डोंगरांसाठीचं नाव गॅरिवर्ड. दिवसभर सपाटी बघितलेल्या डोळ्यांना ते कडे फार मोठे वाटतात. तिथून अरारॅट तासाभराच्या आत येतं.

गावाच्या नावाची गोष्ट सोन्याच्या आधीची. होरेशियो विल्स नावाचा मेंढपाळ जमीनदार आपला कुटुंबकबिला आणि कळप घेऊन न्यू साउथ वेल्समधून लांबचा पल्ला मारत आला आणि १८४१ साली इथल्या एका टेकडीपाशी विसावला. बायबलमधल्या नोहाची नौका महापुरानंतर ज्या पर्वताला लागली त्याचं नाव त्यानं टेकडीला दिलं. ही जमीन जाब वुरुंग लोकांची होती आणि आहे. विल्सचा मुलगा टॉम त्यांच्या मुलांबरोबर खेळत, त्यांची भाषा बोलत वाढला. हाच टॉम विल्स पुढे नावाजलेला क्रिकेटपटू झाला, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे पहिले नियम १८५९ साली ज्यांनी लिहिले त्यांच्यात होता आणि मूळ रहिवाशांच्या क्रिकेट संघाचा शिक्षकही होता. मेंढपाळांचे कळप आले आणि जाब वुरुंग लोकांची शिकारीची रानं, कंदमुळांच्या जागा एकामागून एक गेल्या. सोन्यामुळे आलेल्या गर्दीनं उरलेलं आणखी वेगानं गेलं. चिनी खाणकामगारांवर झालेल्या अन्यायाबद्दल बोलताना हा आधीचा अन्याय विसरून चालणार नाही.

मे १८५७. रोबहून निघालेली सातशेच्या आसपास चिनी माणसांची एक तुकडी पूर्वेकडच्या सुवर्णक्षेत्राकडे चालली होती. आजच्या अरारॅटच्या जागी एका झऱ्याजवळ ती मुक्कामाला थांबली आणि तिथे तिला सोनं सापडलं. जी सोन्याची पट्टी उघडी झाली तिला कँटन लीड हे नाव पडलं.

बहुतेक ठिकाणी ही हकीकत योगायोग म्हणून सांगतात: तहानलेली माणसं पाणी प्यायला वाकली आणि त्यांना सोनं चमकताना दिसलं. मला ही मांडणी पटत नाही. सोन्यासाठी घरदार गहाण टाकून आलेली, कावडीत हत्यारं घेऊन फिरणारी आणि वाटेत विहिरी खणणारी माणसं झऱ्यापाशी उतरल्यावर तिथली वाळू धुऊन बघणार नाहीत, असं कसं होईल? आसपासच्या भागात सोन्याचा थोडाफार माग गोऱ्यांना आधी लागला होताच. हा प्रचंड साठा मात्र त्यांच्या हाती आला नव्हता. शोधाचं श्रेय नशिबाला दिलं की शोधणाऱ्याचं कसब झाकलं जातं.

लीड म्हणजे जुन्या नदीचं बुजलेलं पात्र. गारेच्या खडकातलं सोनं लाखो वर्षांच्या ऊन-पावसानं सुटं होतं, ओढ्यातून वाहत जातं आणि जड असल्यामुळे पात्राच्या तळाशी, खडकाच्या खाचखळग्यांत बसतं. नंतर त्यावर मातीचे थर चढतात, नदी दुसरीकडे वळते आणि वरून काही कळत नाही. बॅलरॅटला अशी कित्येक पात्रं खोल गाडली गेली होती. तिथे पोचायला लाकडी आधार देत विहिरी खणाव्या लागत, पाणी उपसावं लागे, भांडवल लागे. अरारॅटचं पात्र उथळ होतं. कुदळ, फावडं आणि घमेलं एवढ्यावर माणूस सोन्यापर्यंत पोचत होता, म्हणूनच ते इतक्या झपाट्यानं गाजलं.

सोनं वेगळं करायची युक्ती वजनावर चालते. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, तर साधी वाळू अडीच पटींच्या आसपास. माती पाण्यात हलवली की हलकं वाहून जातं आणि जड तळाशी राहतं. आपल्याकडे सराफकट्ट्याच्या गटारातला गाळ आणि पेढीवरचा केर धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी हेच करत आले. चिनी खाणकामगार पाळण्यासारखी डोलणारी लाकडी पेटी वापरत. एक जण माती टाकणार, दुसरा पाणी ओतणार, तिसरा पेटी डोलवणार. तीस-चाळीसपासून शंभरापर्यंत माणसांच्या टोळ्या एका म्होरक्याच्या हाताखाली काम करत, एकत्र रांधत, एकत्र हिशेब ठेवत. गोऱ्यांनी घाईघाईत टाकून दिलेली माती पुन्हा धुऊन ते तिच्यातून पोट भरेल एवढं सोनं काढत. त्यांच्या विहिरी पुष्कळदा गोल असत. कोपऱ्यात भुतं दडतात म्हणून ते गोल खणत, असं गावोगाव सांगतात. गोल विहिरीच्या भिंती चौकोनीपेक्षा कमी ढासळतात, हे कुणाही विहीर खणणाऱ्याला माहीत असतं, आणि मला ते कारण अधिक खरं वाटतं.

बातमी लपली नाही. काही आठवड्यांत हजारो माणसं अरारॅटवर लोटली. तंबू, दुकानं, गुत्ते आणि बँका उभ्या राहिल्या. ज्यांनी जागा शोधली ते चिनी खाणकामगार लवकरच कडेला ढकलले गेले. सरकारनं सुवर्णक्षेत्रांवर चिनी लोकांसाठी 'संरक्षक' नेमले होते. चिनी माणसांनी नेमून दिलेल्या छावणीतच राहायचं, आणि त्या व्यवस्थेचा खर्च त्यांच्याकडूनच वसूल करायचा. १८५७च्या उत्तरार्धात राहण्यावरही वेगळा कर बसवला. चिनी लोकांनी सह्यांचे मोठमोठे अर्ज सरकारकडे पाठवले, अनेकांनी कर भरायचं नाकारलं, दंड आणि तुरुंग सोसला. ती माणसं मुकाट्यानं सगळं सोसत होती हा समज इतिहासाला धरून नाही.

अरारॅटचं सोनं सापडल्याला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा ४ जुलै १८५७ रोजी ईशान्य व्हिक्टोरियातल्या बकलँड नदीच्या खोऱ्यातून गोऱ्या जमावानं सुमारे दोन हजार चिनी माणसांना हाकलून लावलं. तंबू आणि दुकानं जाळली, नवं बांधलेलं देऊळ जाळलं. माणसं मारहाणीनं आणि थंडीनं मेली. बीचवर्थहून पोलिसांची तुकडी घेऊन पोचलेला अधिकारी होता रॉबर्ट ओहारा बर्क, पुढे ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणोत्तर ओलांडण्याच्या मोहिमेत मेला तोच. पकडलेल्या आरोपींपैकी बहुतेक जण निर्दोष सुटले. त्याच वर्षाच्या अखेरीला दक्षिण ऑस्ट्रेलियानंही चिनी लोकांविरुद्ध कायदा केला आणि रोबची वाट बंद होत गेली. न्यू साउथ वेल्सनं १८६१ साली तेच केलं.

अरारॅटला हायवेला लागूनच गम सान चिनी वारसा केंद्र आहे. २००१ साली उघडलेली ही इमारत दक्षिण चीनमधल्या घरांच्या धर्तीवर दुमजली बांधली आहे. छपराच्या कडा वर वळलेल्या, बाहेर बाग. गम सान म्हणजे सोन्याचा डोंगर. चिनी लोक आधी कॅलिफोर्नियाला तसं म्हणत. व्हिक्टोरियात सोनं निघाल्यावर मेलबर्न नवा सोन्याचा डोंगर झालं आणि सान फ्रान्सिस्को जुना, आणि सान फ्रान्सिस्कोचं चिनी नाव आजतागायत तेच आहे. आत समुद्रप्रवास, रोबची वाट, छावणीतलं जगणं असं क्रमानं मांडलं आहे. फार मोठं संग्रहालय नाही. बेंडिगोचं गोल्डन ड्रॅगन संग्रहालय याहून कितीतरी श्रीमंत आहे. पण जिथे गोष्ट घडली तिथेच ती सांगितली जाते, त्याचं मोल मला जास्त वाटतं.

इथे सोनं धुऊन बघता येतं. पसरट घमेल्यात मूठभर खडी-माती घ्यायची आणि ते पाण्यात बुडवून गोल गोल फिरवायचं. आधी मोठे खडे हातानं काढून टाकायचे. मग घमेलं किंचित पुढे कलतं धरून गाळ थोडा थोडा पाण्याबरोबर जाऊ द्यायचा. मनगटाची लय सापडायला वेळ लागतो. जोरात फिरवलं तर सगळंच वाहून जातं आणि हळू फिरवलं तर काहीच हलत नाही. शेवटी तळाशी काळी बारीक वाळू उरते, लोखंडाच्या खनिजाची. तिच्या कडेला, मोहरीच्या दाण्यापेक्षा कितीतरी लहान असा पिवळा ठिपका दिसला. घमेलं हलवलं की काळी वाळू सरकत होती आणि ठिपका जागचा हलत नव्हता. एवढ्यातच माझी कंबर आणि बोटं आखडली होती. दिवसभर ओढ्याच्या गार पाण्यात उकिडवं बसून असे ठिपके जमवायचे, त्यांतून कर भरायचा, कर्ज फेडायचं, आणि उरलं तर घरी पाठवायचं.

घरी म्हणजे चीनमध्ये. १८६१च्या खानेसुमारीत व्हिक्टोरियात सुमारे २४,७०० चिनी माणसं होती आणि त्यांत बायका होत्या आठ. एवढ्या एका आकड्यावरून त्या छावण्यांमधलं आयुष्य कसं असेल ते कळतं. कमाई करून परत जायचं, हाच बहुतेकांचा बेत. मेलेल्याच्या अस्थीसुद्धा पुष्कळदा काही वर्षांनी उकरून, स्वच्छ करून गावी पाठवल्या जात, कारण पितरांचं करायला मुलगा तिथे होता. सोनं आटत गेलं तसे काही परतले, काही दुसऱ्या खाणींकडे गेले. जे राहिले त्यांनी भाजीचे मळे केले, दुकानं काढली, जडीबुटीची औषधं दिली, मेंढपाळांकडे स्वयंपाकी म्हणून राहिले. पाणी जपून वापरून वर्षभर हिरवी भाजी पिकवणारे चिनी माळी व्हिक्टोरियाच्या कित्येक गावांना कित्येक दशकं खाऊ घालत होते. त्याची नोंद सोन्याच्या इतिहासात फार त्रोटक असते, याची मला खंत वाटते.

आजचं अरारॅट आठ-साडेआठ हजार वस्तीचं शांत गाव आहे. बार्कली स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर सोन्याच्या आणि लोकरीच्या पैशातून आलेल्या जुन्या इमारती आहेत. टाउन हॉलमध्ये कापड आणि धाग्यांच्या कलाकृतींचं चांगलं संग्रहालय आहे. टेकडीवर १८६७ साली उघडलेलं एराडेल हे मनोरुग्णालय अवाढव्य आणि आता रिकामं आहे. जवळच जुना दगडी तुरुंग, जे वॉर्ड, जिथे शंभरेक वर्षं मनोरुग्ण गुन्हेगारांना ठेवत. या दोन्ही जागी पर्यटकांना रात्री भुतांच्या सहली घडवतात. आम्ही गेलो नाही. तिथे माणसांनी सोसलेलं खरं आहे, त्याची करमणूक करावीशी वाटली नाही. त्यापेक्षा बारा-पंधरा मिनिटांवरचं ग्रेट वेस्टर्न बघावं. सोनं संपल्यावर बेकार झालेल्या खाणकामगारांकडून १८६८पासून तिथल्या वाइनसाठी जमिनीखाली बोगदे खणून घेतले गेले. ते काही किलोमीटर लांब आहेत आणि त्यांच्या भिंतींवर कुदळीचे घाव दिसतात.

कायद्याची गोष्ट दहा पौंडांवर संपली नाही. १८६०च्या दशकात संख्या घटल्यावर कर उठवले गेले आणि १८८०च्या सुमारास पुन्हा आले. १८७९ साली मेलबर्नमधल्या तीन प्रतिष्ठित चिनी गृहस्थांनी, लो काँग मेंग, चेओक हाँग चेओंग आणि लुई आह मोय यांनी, 'ऑस्ट्रेलियातील चिनी प्रश्न' या विषयावर इंग्रजीत पुस्तिका काढली. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. इंग्रजांनी तोफा डागून चीनचे दरवाजे स्वतःच्या माणसांसाठी उघडून घेतले. करारानं ये-जा दोन्ही बाजूंनी मोकळी झाली, मग चिनी माणसाला तुमच्या दारात अडवायचा अधिकार तुम्हाला कुठून मिळाला? याला समाधानकारक उत्तर कुणी दिलं नाही. १९०१ साली ऑस्ट्रेलिया एक राष्ट्र झालं तेव्हा पहिल्या काही कायद्यांतला एक होता तो गोरेतरांना बाहेर ठेवण्याचा. त्यात श्रुतलेखनाची परीक्षा होती. अधिकाऱ्यानं कुठल्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्द सांगायचे आणि उतारूनं ते लिहायचे. भाषा निवडायची अधिकाऱ्यानं, त्यामुळे नापास कुणाला करायचं ते आधीच ठरलेलं. हीच परीक्षा भारतीयांनाही होती. ती १९५८ साली गेली आणि गोऱ्यांच्या ऑस्ट्रेलियाचं धोरण १९७३मध्ये अधिकृतपणे संपलं. आज मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत इतकी मराठी घरं आहेत, गणपती बसतात, मराठी शाळा भरतात, ते या दाराचे अडसर निघाल्यानंतरच शक्य झालं. भाचीशी हे बोलताना ती बराच वेळ गप्प होती. तिचं नागरिकत्व, तिची नोकरी, तिच्या मुलीची शाळा, सगळं त्याच १९७३च्या अलीकडचं.

२०१७ साली, कँटन लीडच्या शोधाला एकशे साठ वर्षं होत असताना, चिनी वंशाच्या ऑस्ट्रेलियन लोकांचा एक गट रोबहून पुन्हा चालत निघाला. या वेळी ते मेलबर्नच्या संसदेच्या पायऱ्यांपर्यंत गेले. २५ मे रोजी व्हिक्टोरियाचे मुख्यमंत्री डॅनियल अँड्र्यूज यांनी त्या कराबद्दल आणि त्या धोरणांबद्दल राज्याच्या वतीनं माफी मागितली. माफीनं कुणाचे पैसे परत येत नाहीत. तरी राज्यानं आपल्याच कायद्याला चूक म्हणणं ही लहान गोष्ट नाही.

जाब वुरुंग लोकांचा प्रश्न मात्र अजून भळभळतो आहे. अरारॅटजवळ, मेलबर्नकडे जाणाऱ्या हायवेच्या रुंदीकरणात त्यांना पवित्र असलेली जुनी झाडं जाणार होती. २०१८पासून त्यांनी तिथे तंबू ठोकून धरणं धरलं. ऑक्टोबर २०२०मध्ये, दिशादर्शक म्हणून ते ज्याला मानत ते झाड तोडलं गेलं. मेलबर्नकडे परतताना तुम्ही याच रस्त्यानं जाता.

जायचं असेल तर हातात दोन दिवस ठेवा आणि सुरुवात रोबलाच करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर ग्रॅम्पियन्समध्ये रानफुलं असतात आणि थंडीही सोसवते. पेनोला ते डंकेल्ड हा टप्पा घाईनं उरकू नका. गम सानच्या वेळा आधी बघून घ्या, कारण छोट्या गावातली संग्रहालयं रोज दिवसभर उघडी नसतात. ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांनी मेलबर्नहून बॅलरॅटमार्गे जाणारी अरारॅटची रेल्वे पकडावी. स्थानकापासून गाव पायी फिरण्याजोगं आहे.